राज्याच्या सरासरीखाली झाकलेला मराठवाडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रात बरीच चर्चा वाचायला मिळाली. शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांना काय लाभ होईल, तिकडच्या मोटारी किती स्वस्त होतील, आपल्या शेतमालाचे काय होईल, हे प्रश्न रास्तच आहेत. मात्र ज्या संघाशी आपण हा करार करतो आहोत, त्याच्या घरातला जमाखर्च कसा चालतो, तुटीचा नियम कोण कोणाला लावतो आणि संघातल्या मागे पडलेल्या मुलखाचा वाटा कसा ठरतो, हा विषय त्या चर्चेत कोठेही आला नाही. राज्याच्या कोषागारात नोकरी करून आता अंबाजोगाईत राहणाऱ्या माझ्यासारख्याला तोच भाग मराठवाड्याच्या अधिक कामाचा वाटतो. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

युरोपीय संघात २७ देश आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी युरो हे एकच चलन स्वीकारले आहे. चलन एक, पण प्रत्येकाची तिजोरी मात्र वेगळी, अशी ही रचना असल्यामुळे एकाने उधळपट्टी केली तर त्याचा भार इतरांवर पडेल ही भीती पहिल्यापासून होती. म्हणून १९९२ मध्ये सह्या झालेल्या मास्ट्रिक्ट करारात दोन मर्यादा घालण्यात आल्या: वार्षिक तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि सार्वजनिक कर्ज ६० टक्क्यांच्या आत असावे. १९९७ च्या स्थैर्य आणि विकास कराराने या मर्यादांना देखरेखीची आणि दंडाची जोड दिली. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्राचा आणि २००५ मध्ये महाराष्ट्राचा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला, तेव्हा तूट ३ टक्क्यांवर रोखण्याचे लक्ष्य आपणही धरले. ज्यांनी अर्थसंकल्पाची कागदपत्रे हाताळली आहेत त्यांना हा तीनचा आकडा पाठ असतो.

आता या नियमाचा अंमल कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. २००३ मध्ये तूट जास्त झाली होती ती जर्मनी आणि फ्रान्सची, म्हणजे संघातल्या दोन थोरल्या भावांची. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्र्यांच्या परिषदेने त्यांच्याविरुद्धची कारवाई बाजूला ठेवली, पुढे न्यायालयाने परिषदेचा तो निर्णय रद्दही केला, आणि अखेर २००५ मध्ये नियमच सैल करण्यात आले. त्यानंतर पाळी आली ग्रीसची. २००९ च्या अखेरीस तेथे सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने खरी तूट आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याचे उघड केले आणि मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले बचाव कर्ज द्यावे लागले. या कर्जाच्या अटी युरोपीय आयोग, युरोपीय केंद्रीय बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांनी मिळून ठरवल्या. निवृत्तिवेतनात एकामागून एक कपाती झाल्या आणि २०१२ मध्ये किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी खाली आणले गेले. २०१३ मध्ये तेथील बेकारी २७ टक्क्यांवर गेली. जुलै २०१५ मध्ये ग्रीक मतदारांनी सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी त्या अटी नाकारल्या, आणि तरीही काही दिवसांतच त्यांच्या सरकारला तिसऱ्या कर्जाच्या अटी मान्य कराव्या लागल्या. बळी तो कान पिळी, हा न्याय काही आपल्याकडचाच नाही.

ग्रीसचे राज्यकर्ते निर्दोष होते असे मला म्हणायचे नाही; हिशेब लपवणाऱ्याची बाजू कोषागारातला माणूस घेणार नाही. मुद्दा असा की तुटीच्या आकड्यासाठी नियम होता, वेळापत्रक होते, तपासणीस होते. परंतु बेकारीचा आकडा कोठे गेल्यावर कोणी काय करायचे, यासाठी त्या व्यवस्थेत बंधन काहीच नव्हते.

ही उणीव युरोपला पुढे जाणवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे सामाजिक हक्कांचा वीस तत्त्वांचा जाहीरनामा स्वीकारण्यात आला. त्यात रास्त वेतन, बालसंगोपन, आरोग्य, निवृत्तिवेतन आणि निवारा हे सारे आहे. २०२१ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो येथे त्याला आकड्यांची जोड मिळाली: २०३० पर्यंत काम करण्याच्या वयातील ७८ टक्के लोकांना रोजगार आणि गरिबीच्या छायेतील लोकांच्या संख्येत किमान दीड कोटीने घट. मात्र ही लक्ष्ये चुकली तर पुढे काय, याचे उत्तर त्या जाहीरनाम्यात नाही. तुटीच्या बाबतीतही प्रत्यक्ष दंड फारसा झालेला नाही हे खरे. २०१६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांचा दंड शून्य ठरवून प्रकरण मिटवले गेले. पण तूट वाढली की सावकार दारात उभा राहतो, व्याजदर चढतो, आणि गरिबी वाढली म्हणून कोणाचा व्याजदर चढल्याचे ऐकिवात नाही.

करोनाच्या काळात मात्र या संघाने स्वतःचाच शिरस्ता मोडला. मार्च २०२० मध्ये तुटीच्या नियमांना तात्पुरती सवलत दिली गेली, कामाचे तास घटलेल्या कामगारांचा पगार चालू राहावा म्हणून सदस्य देशांना १०० अब्ज युरोंपर्यंत कर्ज देण्याची सोय झाली, आणि जुलैमध्ये ब्रुसेल्सला चार दिवस-रात्र चाललेल्या बैठकीनंतर ७५० अब्ज युरो संघाच्या नावाने उभे करण्याचे ठरले. त्यातले ३९० अब्ज अनुदान म्हणून द्यायचे होते. इटली आणि स्पेनसारख्या ज्या देशांना सर्वाधिक फटका बसला, त्यांना त्यातून मोठा वाटा मिळाला. त्याच वर्षी आपल्याकडे जीएसटी भरपाई कोणी द्यायची यावरून केंद्र आणि राज्ये यांच्यात काही महिने घोळ चालला आणि शेवटी केंद्राने राज्यांच्या वतीने १ लाख १० हजार कोटी रुपयांचे कर्ज काढले, हे वाचकांना आठवत असेल. एप्रिल २०२४ पासून युरोपात लागू झालेल्या नव्या वित्तीय नियमांत तूट आणि कर्ज कमी करण्यासाठी चार वर्षांचा आराखडा द्यावा लागतो, पण सुधारणा आणि गुंतवणूक करणाऱ्या देशाला तो सात वर्षांपर्यंत वाढवून मिळतो, आणि अशा गुंतवणुकीत सामाजिक हक्कांच्या जाहीरनाम्याशी निगडित खर्चही धरता येतो. जाहीरनाम्याला हिशेबाच्या वहीत थोडी जागा मिळाली, इतके म्हणता येईल. त्याहून अधिक नाही.

आतापर्यंत लिहिले ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन गेलेले आहे. या संघातला ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही असा एक भाग आहे आणि हे पत्र मुख्यतः त्याविषयी आहे. १९७५ मध्ये युरोपने प्रादेशिक विकास निधी सुरू केला. या निधीत मागास कोण हे देशाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरत नाही, देशातील विभागाच्या उत्पन्नावरून ठरते. ज्या विभागाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आहे, तो विभाग ‘कमी विकसित’ ठरतो आणि त्याच्या वाट्याला सर्वाधिक पैसा येतो. इटलीचे उदाहरण घ्या. मिलान ज्या लोम्बार्डीत आहे तो मुलूख युरोपातील श्रीमंतांपैकी एक, आणि देश म्हणून इटलीची गणना गरिबांत होत नाही. तरीही दक्षिणेकडील कालाब्रिया आणि सिसिली या निधीच्या पहिल्या रांगेत बसतात, कारण मोजणी करताना लोम्बार्डीचे उत्पन्न त्यांच्या नावावर चढवले जात नाही.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या राज्यांमधील वाटपाचे जे सूत्र ठरवले, त्यात ४५ टक्के भार उत्पन्नातील अंतराला होता, म्हणजे ज्या राज्याचे दरडोई उत्पन्न कमी त्याला वाटा अधिक. महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत राज्याचा हिस्सा मात्र नऊ टक्क्यांहून अधिक आहे. बिहारला अधिक मिळावे याविषयी माझी तक्रार नाही, ते न्याय्यच आहे. परंतु हिंगोलीच्या शेतमजुराची गणती दिल्लीत होते ती मुंबई, ठाणे आणि पुण्याचे उत्पन्न मिळवून काढलेल्या सरासरीने. दिल्लीच्या लेखी तो संपन्न राज्याचा रहिवासी, आणि मुंबईच्या लेखी एका दूरच्या विभागाचा. केंद्राने जिल्हा हा घटक धरून पैसा देण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. २००६-०७ पासून चाललेल्या मागास क्षेत्र अनुदान निधीत राज्यातील बारा जिल्हे होते आणि त्यांत तेव्हाचे औरंगाबाद, नांदेड आणि हिंगोली होते. २०१५-१६ पासून केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. २०१८ पासूनच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपला धाराशिव आहे, पण त्या कार्यक्रमाचा भर गुणांकन आणि देखरेखीवर आहे. त्याच्यामागे वेगळी मोठी थैली नाही.

विभागवार मोजणीची ही कल्पना आपल्याला परकी नाही, हे विशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने जिल्हा हा घटक धरून रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपासून कोण किती मागे आहे हे मोजले आणि १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये, तर त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी रुपये असल्याचे दाखवले. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती मोजली तेव्हा एकूण आकडा १४ हजार कोटींवर आणि मराठवाड्याचा सुमारे ४ हजार कोटींवर गेलेला होता. किमती वाढल्या आणि मोजण्याच्या बाबीही बदलल्या, हे मान्य करूनही दहा वर्षांत अनुशेष भरून निघाला असे कोणी म्हणू शकले नाही.

घटनेचा आधारही होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि विकासखर्चाचे न्याय्य वाटप यांची तरतूद केली. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, आणि तीही गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षे लावून धरल्यानंतर. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला, पण या निर्णयाने मंडळाचे काम सुरू झालेले आपण पाहिले नाही. कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात आलेल्या मुलखाची ही कथा आहे. १७ सप्टेंबरला झेंडा फडकवताना तिचा उल्लेख भाषणांत होतो, तेवढाच.

मंडळाच्या जागी आता पॅकेज आले आहे. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि दोन्ही वेळा चाळीस हजार कोटींच्या पुढचे आकडे जाहीर झाले. या आकड्यांत आधीच मंजूर असलेल्या योजनांचा पैसा किती आणि नवा किती, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही आणि नंतर कोणी विचारत नाही. येथे युरोपच्या निधीचा दुसरा नियम उपयोगी पडतो. संघाचा पैसा देशाच्या स्वतःच्या खर्चाच्या जागी वापरायचा नाही, तो त्याच्यावर अधिकचा असावा, हे तेथले जुने तत्त्व. म्हणजे कालाब्रियाला ब्रुसेल्सहून निधी मिळाला म्हणून रोमने आपला नेहमीचा खर्च तेथून आखडता घेऊन दुसरीकडे वळवायचा नाही. आपल्याकडे अनुशेषाचा पैसा आला की नियमित तरतूद हळूच आकसते, ही गोष्ट जिल्हा नियोजन समितीच्या बैठकांना बसणारा कोणीही सांगेल.

तिसरा नियम मुदतीचा. या निधीचा आराखडा सात वर्षांचा असतो आणि एका वर्षी बांधलेला पैसा खर्च करायला पुढे सहसा तीन वर्षे मिळतात. त्यानंतर मात्र तो परत जातो. आमच्या कोषागारातला मार्च ज्यांनी पाहिला आहे त्यांना या तीन वर्षांचे मोल कळेल. वर्षभर ज्या लेखाशीर्षावर खडखडाट असतो, त्यावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कधी ३१ तारखेच्या संध्याकाळी, बीडीएस या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर निधी दिसू लागतो. मग आहरण व संवितरण अधिकाऱ्यांची, म्हणजे कार्यालयांच्या वतीने पैसे काढणाऱ्यांची, माणसे देयकांचे गठ्ठे घेऊन येतात, टोकन क्रमांकासाठी झुंबड उडते, एखाद्या देयकावर साध्या सहीचा आक्षेप निघाला तर अधिकाऱ्याला घरून बोलावतात, आणि रात्री बारापर्यंत जे बसले ते बसले, उरले ते समर्पित, म्हणजे शासनाला परत. जी कामे झालेलीच नाहीत त्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या सरकारी ठेव खात्यात, नेऊन ठेवण्याची युक्ती मग निघते आणि पुढे महालेखापालांचे ताशेरे येतात. जिल्हा परिषदेला नियोजन निधीसाठी दोन वर्षांची सवलत आहे, तिच्यामुळे थोडे तरी निभावते. ज्या जिल्ह्यात अभियंत्यांची पदे रिक्त, तांत्रिक मान्यतेला विलंब आणि निविदेला प्रतिसाद कमी, तेथे वर्षअखेरीचा हा नियम सर्वांत जास्त नडतो. तूट वाढली की वित्त विभाग तरतुदीच्या अमुक टक्क्यांपर्यंतच खर्च करा असा सरसकट आदेश काढतो, तेव्हाही हेच. पुण्याची कामे तोवर पूर्ण होऊन देयके निघालेली असतात, आमची निविदेच्या पायरीवर असतात. आदेश सर्वांना सारखाच असतो, कात्री मात्र आम्हालाच लागते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. इटलीचा दक्षिण भाग पन्नास वर्षे युरोपचा आणि त्याआधीपासून रोमचा पैसा घेतो आहे आणि अजूनही मागेच आहे. दिलेला निधी वेळेत खर्च न होण्याची तक्रार तेथेही जुनीच आहे. तेव्हा नियम चांगला असला की विकास आपोआप होतो असा भाबडा समज मी करून घेतलेला नाही. पण तेथे निदान कोण किती मागे आहे, किती पैसा आला आणि किती परत गेला, हे दरवर्षी विभागवार छापून येते. आमच्याकडे ती मोजणीच थांबली आहे.

सामाजिक धोरणाच्या बाबतीत मराठवाड्याशी थेट संबंध असलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती स्थलांतराची. धारूर-वडवणीपासून पाटोदा-शिरूरपर्यंतची जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीत निघतात, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात पाच-सहा महिने राबतात आणि हंगाम संपला की परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतली जाते, पण व्यवहार पुरुषाशी होतो. बाई आजारी पडली आणि एक दिवस फडात गेली नाही तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि तो उचलीत चढतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तो या खाड्याच्या हिशेबाशी जोडलेला होता. गावातले रेशन, गावातली शाळा, गावातली अंगणवाडी आणि गावातले आरोग्य उपकेंद्र, हे सारे त्या सहा महिन्यांत मागे राहते. देशभर एकच शिधापत्रिका चालण्याची सोय झाली हे चांगलेच झाले, परंतु फडात कोपी टाकून राहणाऱ्या बाईला दिवसाची तोडणी सोडून रेशन दुकान शोधत हिंडायला सवड कोठून मिळणार?

युरोपने हा प्रश्न फार लवकर ओळखला. १९५८ मध्ये, आजच्या संघाच्या पूर्वीच्या आर्थिक समुदायाचे पहिले वर्ष चालू असताना, ज्या अगदी आरंभीच्या नियमावल्या झाल्या त्यांतली एक परदेशी जाऊन काम करणाऱ्या कामगाराच्या सामाजिक सुरक्षेविषयी होती. तिचे तत्त्व आजही तेच आहे: एका देशात भरलेल्या विम्याची वर्षे दुसऱ्या देशातल्या वर्षांत मिळवली जातात, सीमा ओलांडली म्हणून हक्काची पाटी कोरी होत नाही. तिकडेही मुकादम आहेत. जर्मनीच्या मांसप्रक्रिया कारखान्यांत रुमानिया, बल्गेरिया येथून आलेले कामगार उपठेकेदारांमार्फत ठेवले जात. २०२० मध्ये त्या कारखान्यांत करोनाचा उद्रेक झाला तेव्हा त्यांच्या कोंदट निवाऱ्यांचा बोभाटा झाला, आणि जानेवारी २०२१ पासून मोठ्या कारखान्यांत जनावरे कापण्याचे व मांस तोडण्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेण्यास जर्मनीने कायद्याने बंदी घातली. कारखान्याने कामगार स्वतःच्या पटावर घ्यावा, असे तो कायदा सांगतो. आमच्याकडे ऊसतोड कामगार नेमका कोणाचा नोकर आहे, या प्रश्नावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले हे स्वागतार्ह आहे. तरी कामगार कोणाच्या पटावर, याचे उत्तर कल्याणकारी महामंडळ देऊ शकत नाही. जो कामगार बेळगावच्या कारखान्यात तोडतो, त्याच्यासाठी तर महाराष्ट्राचा आदेश आणि कर्नाटकाचा आदेश यांच्या मधली जागा कोणाचीच नाही.

या सगळ्यात आपल्याकडे देण्यासारखे काही नव्हते असे मात्र कोणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी पैसा कोठून आला हे आजच्या पिढीला क्वचितच माहीत असते. १९७५ च्या कायद्याने नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला तो या हमीसाठी. मुंबईतल्या बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये आष्टी-पाटोद्याच्या पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला लागले. श्रीमंत विभागाने मागास विभागासाठी, ठरावीक कराच्या रूपाने, कायद्याने बांधून घेऊन पैसा द्यायचा, ही गोष्ट ब्रुसेल्सच्या पहिल्या प्रादेशिक निधीच्या वर्षीच महाराष्ट्रात सुरू झाली होती, याचा मला अभिमान वाटतो.

म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो नवा कायदा केला, त्याकडे मराठवाड्याने बारकाईने पाहिले पाहिजे. कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, हे मथळ्यात आले. पण अकुशल मजुरीचा जो खर्च पूर्वी केंद्र उचलत असे, त्यासह एकूण खर्चाची विभागणी आता बहुतेक राज्यांसाठी ६०:४० अशी झाली आहे आणि वाटपाची मर्यादा केंद्र आधी ठरवणार आहे. राज्याच्या तिजोरीवर तुटीच्या तीन टक्क्यांचे आणि कर्ज काढताना कलम २९३ खालील केंद्राच्या संमतीचे बंधन आहे; लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला सुमारे ४६ हजार कोटींचा अंदाज आधीच धरलेला होता. त्या योजनेला माझा विरोध नाही. आमच्या भागातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात येणारे पैसे मध्ये कोणाच्या हाताला लागत नाहीत, हे थोडे नव्हे. परंतु दुष्काळाच्या वर्षी बीड आणि जालन्यात कामाची मागणी वाढेल, तेव्हा चाळीस टक्क्यांचा आपला वाटा राज्य कोठून आणणार आणि मर्यादा संपल्यावर हमी उरणार कशी, हे आजच विचारले पाहिजे. तुटीचे बंधन आणि कामाची हमी यांत टक्कर झाली तर कोणते बंधन आधी सुटेल, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

कोणी म्हणेल की युरोपीय संघाचा सामाईक अर्थसंकल्प त्याच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का असतो, आपल्या केंद्राची तिजोरी त्यामानाने फार मोठी, तेव्हा ही तुलनाच गैरलागू आहे. मला तर यातून उलटेच दिसते. एक टक्क्याच्या तिजोरीतला सुमारे एक तृतीयांश भाग जर तो संघ विभागांमधली दरी बुजवण्यासाठी नियमाने बांधून ठेवू शकतो, तर आपली मोठी तिजोरी ते का करू शकत नाही? मुंबईच्या करदात्याने आणखी किती द्यायचे, असाही प्रश्न येईल. त्याला उत्तर एवढेच की मराठवाड्यातून दरवर्षी मुंबई-पुण्याला जाणारी तरुण मुले-मुली, ज्यांच्या शिक्षणाचा खर्च येथल्या कोरडवाहू शेतीने केला, त्यांचा हिशेब कोणत्याच लेखाशीर्षावर मांडलेला नसतो.

माझ्या मागण्या चार आहेत. मराठवाडा विकास मंडळ तत्काळ पुन्हा स्थापन करून त्याच्याकडे पहिले काम जिल्हावार, शक्य तेथे तालुकावार, मोजणीचे द्यावे आणि ती दरवर्षी अधिवेशनापूर्वी प्रसिद्ध करावी. राज्याच्या अर्थसंकल्पासोबत विभागवार खर्चाचे एक विवरण जोडावे, त्यात तरतूद, प्रत्यक्ष वितरण, खर्च आणि समर्पित रक्कम असे चार रकाने असावेत, आणि मागास विभागासाठी जाहीर केलेला पैसा नियमित तरतुदीच्या वर किती आहे याची वित्त सचिवांनी लेखी हमी द्यावी. विकासकामांसाठीचा विभागीय निधी ३१ मार्चला लोप पावणार नाही, तीन वर्षांपर्यंत वापरता येईल, असा बदल वित्तीय नियमांत करावा. चौथी मागणी दिल्लीकडे आहे: पुढच्या वित्त आयोगाच्या कार्यकक्षेतच राज्यांतर्गत विषमतेचा निकष घालावा. मराठवाड्यातील आठ खासदारांनी, पक्ष कोणताही असो, आयोग नेमला जाण्याआधी ही मागणी एका निवेदनावर सह्या करून अर्थमंत्र्यांकडे द्यावी. आयोग नेमला गेला, कार्यकक्षा ठरली आणि मग निवेदने गेली, तर ती परिशिष्टात छापली जातात, यापलीकडे त्यांचे काही होत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कोषागार अधिकारी,
अंबाजोगाई, जि. बीड